विमान सज्ञान होतं तेव्हा

मैत्रिणीनं मला पहिल्यांदा छोट्या विमानात बसवलं, तेव्हा ते विमान उडणार नव्हतं. हँगरसमोर उन्हात उभं असलेलं सेसना १५२. दोनच सीटा, रिक्षापेक्षा जेमतेम जास्त जागा, दार लावलं की खांद्याला खांदा. ती वैमानिक प्रशिक्षक आहे आणि मी नुसतीच प्रश्न विचारणारी. ती डावीकडे बसली, सीट पुढे सरकवली, 'खट्' असा आवाज आला. मग तिनं अंगाचा सगळा भार टाकून सीटला मागे रेटा दिला. मग पुढे. मग पुन्हा मागे.

"हे काय?"

"सीट लॉक झालीय का, बघतेय."

"आवाज आला की आत्ता."

"नुसत्या आवाजावर भरवसा नाही ठेवायचा, अगं. माणसं गेलीत यानं."

विमान किती जुनं आहे, असं विचारलं तर म्हणाली, "तुझ्यामाझ्यापेक्षा मोठं आहे. नीट बोल त्याच्याशी."

मी हसले, पण ते सीट हलवणं डोक्यातून गेलं नाही. घरी येऊन वाचायला लागले. एका पिनेचा आणि एका भोकाचा तो धागा ओढत गेले, तर तो थेट अमेरिकेच्या संसदेत जाऊन पोचला. तिथे एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर कित्येक वर्षं भांडण चाललं होतं. जुनं विमान पडलं, तर जबाबदार कोण? ज्यानं बनवलं तो, ज्यानं दुरुस्त केलं तो, की जो चालवत होता तो? १९९४ साली अमेरिकेनं या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात दिलं. तो आकडा होता अठरा.

एक पिन, एक भोक

आधी सीटचं सांगते. सेसनाच्या छोट्या विमानांत पुढची सीट जमिनीवर बसवलेल्या दोन रुळांवर सरकते. रुळाला ओळीनं भोकं असतात. सीट हवी तिथे आणली की स्प्रिंगच्या जोरावर एक पिन भोकात उतरते आणि सीट अडकते. उंच माणूस, बुटका माणूस, सगळ्यांची सोय.

पण रोज चार विद्यार्थी बसणार आणि उतरणार. पिन झिजते, भोक मोठं होत जातं, कडा गोल होतात. कधी पिन पूर्ण उतरत नाही, नुसती टेकते. जमिनीवर ते कळत नाही. उड्डाणाच्या वेळी विमान वेग घेतं, नाक वर जातं आणि सगळा भार मागे येतो. तेव्हा सीट सुटली तर वैमानिक मागच्या मागे सरकतो. त्याचे पाय पॅडलवरून सुटतात. घसरणारा माणूस जे करतो तेच तोही करतो, म्हणजे हाताला लागेल ते धरतो. त्याच्या हातात त्या क्षणी सुकाणू असतं. ते ओढलं गेलं की नाक आणखी वर जातं, पंखांवरचा वाऱ्याचा आधार तुटतो आणि विमान पडतं. जमीन इतकी जवळ असते की सावरायला वेळच नसतो.

१९८७ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं, म्हणजे एफएएनं, यावर आदेश काढला. रूळ, भोकं, पिना, चाकं सगळं ठरावीक तासांनी तपासायचं. भोक झिजून ०.४२ इंचापेक्षा मोठं झालं असेल, तर रूळ बदलल्याशिवाय विमान उडवायचं नाही. अशा आदेशाला 'एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह' म्हणतात. हँगरमधली माणसं नुसतं 'एडी' म्हणतात. एडी ही सूचना नसते. ती पाळली नाही, तर ते विमान कायद्याच्या दृष्टीनं उडण्यालायक राहत नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथे एक सेसना १८५ कोसळलं. सीट सरकली म्हणून विमान पडलं, असा दावा जखमींनी लावला. निकाल यायला बारा वर्षं लागली. २००१ मध्ये ज्यूरीनं कंपनीविरुद्ध ४८ कोटी डॉलरचा निकाल दिला. त्यातले ४० कोटी दंड म्हणून होते. कंपनीला हा दोष ठाऊक होता, हे ज्यूरीला पटलं होतं.

इथवर वाचून मला वाटलं, गोष्ट सरळ आहे. मोठी कंपनी, छोटी माणसं, उशिरा का होईना न्याय. पण मग मी त्याच काळातले दुसरे खटले वाचले.

विचिटाचे दिवस

अमेरिकेत खासगी विमान ही फक्त अब्जाधीशांची गोष्ट कधीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो माजी सैनिक सरकारी मदतीवर उडायला शिकले. डॉक्टर, शेतकरी, पशुवैद्य, दुकानदार असे लोक छोटी विमानं घ्यायचे किंवा चौघांत मिळून एक घ्यायचे. ती विमानं बनायची मुख्यतः कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात. सेसना आणि बीचक्राफ्ट दोन्ही तिथल्या. तिसरी मोठी कंपनी पायपर, ती पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडातली. १९५६ पासून विक्रीला आलेलं सेसना १७२ तर या जगातली बजाज स्कूटरच. आजवर ४४ हजारांहून जास्त बनली. जगात दुसरं कुठलंही विमान इतक्या संख्येनं बनलेलं नाही.

१९७८ साली अमेरिकी कारखान्यांतून १७,८११ छोटी-मोठी खासगी विमानं बाहेर पडली. १९९४ साली हा आकडा ९२८ वर आला. चुकून शून्य गळलंय की काय, म्हणून मी तो दोनदा तपासला.

मधल्या काळात काय झालं? कारणं एकात एक गुंतलेली आहेत. इंधन महागलं, व्याजदर चढले, मंदी आली, सैनिकांची मदत आटली, करसवलती गेल्या. शिवाय ही विमानं मरतच नव्हती. नीट सांभाळलेलं सेसना तीस-चाळीस वर्षं चालतं, मग नवं कोण घेणार?

पण कंपन्या बोट दाखवत होत्या ते कोर्टाकडे. १९६३ नंतर अमेरिकेत एक तत्त्व रुजलं होतं. वस्तू सदोष असेल तर निर्मात्याची हलगर्जी सिद्ध करायची गरज नाही, दोष सिद्ध झाला तरी पुरे. ग्राहकाच्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट होती. पण विमान कंपनीच्या दृष्टीनं त्याचा अर्थ असा, की १९४७ पासून विकलेलं प्रत्येक विमान उडत आहे तोवर तिच्या डोक्यावर टांगलेलं. मधल्या काळात त्याचे सहा मालक बदललेले असोत, कुणीही कसेही भाग लावलेले असोत.

न्यू मेक्सिकोतला १९८३ चा एक अपघात या वादात सतत येतो. एका वैमानिकाला उड्डाणापासून रोखण्यासाठी धावपट्टीवर व्हॅन आडवी लावलेली होती. त्यानं तरीही विमान पळवलं. चित्रीकरणासाठी पुढच्या सीटच्या जागी कॅमेरा बसवला होता आणि तो स्वतः मागच्या सीटवरून विमान चालवत होता. विमान व्हॅनवर आदळलं. खटला विमान बनवणाऱ्या पायपर कंपनीवरही झाला आणि ज्यूरीनं दोषाचा काही वाटा तिच्यावर टाकला. कंपन्यांच्या बाजूचे लोक हा किस्सा विनोदासारखा सांगतात. त्यात एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. मागच्या सीटला खांद्यावरून जाणारा पट्टा नव्हता आणि त्या माणसाच्या डोक्याला जबर मार लागला होता.

बीचक्राफ्टनं १९८३ ते १९८६ मधल्या आपल्या विमानांच्या २०३ अपघातांचा हिशोब मांडला. सरकारी तपासात एकाही अपघाताचं कारण बनावटीतला दोष असं निघालं नव्हतं. तरीही प्रत्येक दाव्यामागे कंपनीचा सरासरी खर्च ५ लाख ३० हजार डॉलर. हिशोब कंपनीचा आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचायला हवा. पण पुढे जे झालं ते खरंच झालं. १९८६ मध्ये सेसनानं पिस्टन इंजिनाची विमानं बनवणं थांबवलं. १९९१ मध्ये पायपरनं दिवाळखोरी जाहीर केली.

आपल्याच लोकांना कडू सांगणारे

या भांडणात मला सगळ्यात चक्रावून टाकलं ते तिसऱ्या पक्षानं, म्हणजे खुद्द वैमानिकांनी.

एअरक्राफ्ट ओनर्स अँड पायलट्स असोसिएशन, थोडक्यात एओपीए, ही छोट्या विमानांच्या मालकांची आणि वैमानिकांची संघटना १९३९ च्या मे महिन्यात स्थापन झाली. युद्ध तोंडावर होतं. सरकार खासगी उड्डाणं बंदच करून टाकेल, ही भीती होती. म्हणजे जन्मच मुळी हक्कांसाठी झाला. पण हक्क टिकवायचे तर आपली माणसं कमी मरायला हवीत, हे तिच्या लवकर लक्षात आलं. १९५० मध्ये तिनं सुरक्षेसाठी वेगळी संस्था काढली.

त्या संस्थेच्या पैशांतून इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. अहवाल १९५४ चा. फक्त डोळ्यांनी बाहेर बघून उडवता येणारे वीस जण निवडले. त्यांना बीचक्राफ्ट बोनान्झा विमानात बसवून ढगात शिरल्यासारखी स्थिती तयार केली, म्हणजे बाहेरचं काही दिसेना. वीसच्या वीस जणांच्या हातून विमान सुटलं. एकोणीस विमानं गरगरत खाली जाणाऱ्या वळणात गेली, विसावं नाक वर करून कोसळण्याच्या बेतात आलं. कुणाला २० सेकंद लागले, कुणाला ४८०. सरासरी १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांनाही दोन सेकंद कमी. कारण आपल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा क्षितिज दिसेनासं झालं की खोटं बोलते. विमान वळत असतं आणि आपल्याला ते सरळ वाटतं.

मग त्याच लोकांना एक साधी पद्धत शिकवली. सुकाणूवरचे हात सोडा, ठरावीक वेगावर या, हळूहळू १८० अंशात वळा आणि जिथून आलात तिथे परत जा. पुढच्या ६० प्रयत्नांपैकी ५९ यशस्वी झाले.

एक संघटना स्वतःच्या वर्गणीदारांच्या पैशानं सिद्ध करते, की तुम्ही ढगात तीन मिनिटंही टिकणार नाही. आपल्याकडच्या किती संघटना आपल्या सभासदांना असं सांगतील? या पार्श्वभूमीवर १९९४ ची तिची भूमिका मला थोडी समजते.

अठरा वर्षं

कॅन्ससच्या दोन लोकप्रतिनिधींनी, सिनेटर नॅन्सी कॅसेबाम आणि प्रतिनिधीगृहातले डॅन ग्लिकमन यांनी, विधेयक मांडलं. कारखाने त्यांच्याच राज्यात बंद पडले होते. आधी मुदत १५ वर्षं होती, तडजोड १८ वर झाली. वकिलांच्या संघटनेचा विरोध होता. सेसनाचे प्रमुख रस मेयर यांनी शब्द दिला, की कायदा झाला तर पुन्हा छोटी विमानं बनवू. १७ ऑगस्ट १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली. नाव ठेवलं 'जनरल एव्हिएशन रिव्हायटलायझेशन ॲक्ट'.

कायदा दोन-तीन पानांचा. वीसपेक्षा कमी प्रवासी बसणारं, वेळापत्रकानुसार वाहतूक न करणारं विमान पहिल्या ग्राहकाला मिळाल्यापासून १८ वर्षं झाली, की अपघाताबद्दल निर्मात्यावर दावा लावता येणार नाही. एखादा भाग नवा बसवला, तर त्या भागापुरती १८ वर्षं नव्यानं सुरू. अपवाद चार. कंपनीनं सरकारपासून माहिती लपवली असेल, विमानातून रुग्ण उपचारासाठी नेला जात असेल, इजा जमिनीवरच्या माणसाला झाली असेल किंवा कंपनीनं लेखी हमी दिली असेल, तर दावा चालेल. आधी दाखल झालेल्या खटल्यांना कायदा लागू नव्हता, म्हणून पेन्साकोलाचा दावा वाचला.

आणि या कायद्यासाठी कंपन्यांच्या बरोबरीनं वैमानिकांची संघटना लढली. याचा अर्थ नीट बघा. उद्या माझं वीस वर्षं जुनं विमान बनावटीतल्या दोषामुळे पडलं, तर माझ्या घरच्यांना निर्मात्याकडून दमडी मिळू नये, असा कायदा मला हवा आहे! का? कारण कारखानाच उरला नाही, तर सुटे भाग कोण देणार, नव्या सुधारणा कोण करणार, नवी मुलं कशात शिकणार?

वैमानिकापुरतं हे मला पटतं. त्यानं सौदा केला. पण शेजारच्या सीटवरच्या माणसानं, म्हणजे बायकोनं, मित्रानं, रविवारी फिरायला आलेल्या भाच्यानं कुठल्या सौद्यावर सही केली होती? विमान सतरा वर्षं अकरा महिन्यांचं असेल तर त्याला न्याय मागता येतो, अठरा वर्षं एक दिवसाचं असेल तर नाही. त्याला विमानाचं वय विचारायचं असतं, हेही माहीत नसतं. आज अमेरिकेतल्या एक इंजिनाच्या छोट्या विमानांचं सरासरी वय चाळिशीच्या पुढे आहे. म्हणजे बहुतेक विमानं कधीच अठरा ओलांडून गेलेली आहेत.

सेसनानं शब्द पाळला. कॅन्ससमधल्याच इंडिपेंडन्स गावात १९९६ मध्ये नवा कारखाना उघडला आणि १७२ पुन्हा बनू लागलं. अमेरिकी उत्पादन वाढलं, पण २००० साली तीन हजारांच्या आतच होतं. १९७८ पुन्हा आलं नाही. म्हणजे खटले हे एकमेव कारण नव्हतंच. कारखाने वाचले हे खरं, पण हक्क देऊन जे मागितलं होतं ते सगळं काही मिळालं नाही.

मग जबाबदारी गेली कुठे?

आपल्याकडे मूल अठरा वर्षांचं झालं की आईबाप म्हणतात, आता तुझं तू बघ. या कायद्यानं विमानाच्या बाबतीत तेच केलं. फरक इतकाच, की विमान स्वतःचं बघू शकत नाही. कुणीतरी बघावं लागतं. अमेरिकेचा नियम त्याबाबत आधीपासून स्पष्ट आहे. विमान उडण्यालायक ठेवण्याची प्राथमिक जबाबदारी मालकाची किंवा चालवणाऱ्याची. मेकॅनिकचीही नंतर. वर्षातून एकदा अधिकृत तपासनीसाकडून पूर्ण तपासणी. विमान पैसे घेऊन शिकवण्यासाठी वापरत असाल तर दर १०० तासांनी आणखी एक. तेल बदलणं, टायर, स्पार्क प्लग, दिवे अशी तीसेक कामं वैमानिक-मालक स्वतः करू शकतो. पण काय केलं, कधी केलं ते लिहून खाली सही करायची.

जास्त तपासलं म्हणजे जास्त सुरक्षित, असंही नसतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश शास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन पाणबुड्या शोधणाऱ्या लिबरेटर विमानांचा अभ्यास करत होते. दर ५० तासांनी तपासणी व्हायची. त्यानंतर बिघाड कमी व्हायला हवेत ना? उलट तपासणीनंतर लगेच बिघाड सर्वांत जास्त व्हायचे आणि मग हळूहळू कमी होत जायचे. चालू असलेलं उघडताना काहीतरी बिघडत होतं.

हाच वाद २०१८ नंतर पुन्हा रंगला. त्या वर्षी ४ एप्रिलला फ्लोरिडात डेटोना बीच इथे वैमानिकाची परीक्षा चालू असताना एका पायपर विमानाचा डावा पंख निखळला. दोघे गेले. विमान म्हातारं नव्हतं, २००७ चं होतं. पण शिकाऊ हातांखाली हजारो तास धक्के खाल्लेलं. पंखाच्या कण्यात, बोल्टच्या भोकाशी, धातू थकून भेग गेली होती. एफएएच्या पहिल्या मसुद्यात वीस हजारांच्या आसपास विमानांवर तपासणी सुचवली गेली. वैमानिकांच्या संघटनांचं म्हणणं, सरसकट सगळ्यांचे बोल्ट काढाल तर धड असलेली भोकंही खरवडली जातील. २०२१ पासून लागू झालेल्या आदेशात विमानं साडेपाच हजारांच्या आसपास उरली.

ती निवडली कशी? लॉगबुकवरून. १०० तासांच्या तपासण्या किती झाल्या ते मोजायचं. त्यावरून विमान शिकवण्यात किती राबलं ते कळतं. ते तास पूर्ण धरायचे, उरलेले तास १७ नं भागायचे. बेरीज ५,००० च्या पुढे गेली की पंख तपासायचा. म्हणजे कुठल्यातरी हँगरमध्ये कुणीतरी वर्षानुवर्षं इमानानं केलेल्या नोंदी, यावर आता ठरतं की कोणता पंख उघडायचा. आणि ज्यानं आळसानं नोंद केली नसेल, त्याच्या विमानाचा हिशोब मुळातच चुकणार.

पुन्हा हँगरसमोर

काही महिन्यांनी मी पुन्हा मैत्रिणीकडे गेले. बारामती असो की धुळे, आपल्याकडे शिकणाऱ्या मुलांच्या वाट्याला अशी विमानं येतात. अमेरिकेचा अठरा वर्षांचा कायदा आपल्या कोर्टात लागू नाही. पण ज्या देशात विमानाची रचना झाली तिथली एडी आपल्या डीजीसीएच्या नियमांनुसार इथेही पाळावी लागते. म्हणजे १९८७ साली निघालेल्या त्या कागदाचा धागा इथल्या हँगरपर्यंतही पोचतो.

तिला म्हटलं, लॉगबुक दाखव. तिनं मेकॅनिक काकांना विचारलं. त्यांनी जाड, कडा काळ्या पडलेली वही आणून दिली आणि "हात पुसून घ्या हं, ताई," म्हणाले. पान उलटत गेले. तारीख, तास, काम, सही. तारीख, तास, काम, सही. मध्ये मध्ये सीटचे रूळ तपासल्याची नोंद. अक्षरं बदलत गेलेली, शाई बदलत गेलेली. यातले काही जण निवृत्त झाले असतील, काही असतील-नसतील.

"रोज तपासता का हो, काका?"

"आम्ही आमच्या तासांना तपासतो. रोजचं त्यांनी बघायचं," असं म्हणत त्यांनी मैत्रिणीकडे बोट केलं.

त्या दिवशी विमान खरंच उडणार होतं. मी उजव्या सीटवर बसले, पुढे सरकवली, 'खट्' आवाज आला. मैत्रीण काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी सगळा भार टाकून मागे रेटा दिला. मग पुढे. मग पुन्हा मागे.

"हं," ती म्हणाली, "आता पट्टा लाव."